सावंतांच्या चाकाचा घेर

३० मार्च, रवि. पाडवा
श्रीखंड दोन वाट्या. नलिनीने तिसरी दिली नाही.
सकाळी दादरला करमरकरांच्या सायकल दुकानात आमच्या सायकल मंडळाची नवी वही उघडली. पाडवा ते पाडवा, वर्षभरात ज्याचे कि.मी. जास्त, त्याचं नाव दुकानातल्या फळ्यावर रंगाने. दर रविवारी सायकलवरच्या मीटरचा आकडा वहीत लिहायचा, खाली करमरकरांची सही. यंदा उभे दोघेच, मी आणि लालबागचे सावंत. दोघेही साठीच्या पुढे. मोडायचा विक्रम नाना परुळेकरांचा, १२,७००. करमरकर म्हणाले, "नानांचं वर्ष अधिक महिन्याचं होतं. तेरा महिने मिळाले त्यांना." आणि आम्हाला? "तुमचा पुढचा पाडवा अकरा दिवस आधीच येतोय. पंचांगाशी भांडा."
सावंतांकडे मीटरच नव्हता. सायकल वडिलांची, काळी, अठ्ठावीस इंची, गिरणीत जायची. माझा जुना मीटर दिला, मीच बसवला, आत आकडे मीच घातले. "आगासकरांनू, ह्या यंत्रातला माका कायएक कळना नाय." मोठेपणा मिरवला थोडा. खोटं कशाला लिहू.

२० एप्रिल, रवि.
मी पहाटे. ठरलेला रस्ता: प्रभादेवी, वरळी, गिरगाव चौपाटी, पुढे थेट दक्षिण टोकापर्यंत, आणि उलट. ठरलेले ३८. सा. संध्याकाळी, कामावरून सुटला की. रस्ता वगैरे काही नाही. घड्याळ लावून अडीच तास, चिंचपोकळी, परळ, भायखळा, जिथे वाट मिळेल तिथे. ह्याला काय पद्धत म्हणायची? तरी रोजचे ३५ करतो, त्या धुडावर.
आमची गाठ फक्त रविवारी, वहीपाशी.

१३ जुलै, रवि.
अडीचशेच्या वर पुढे आहे. सा. म्हणाला, मुलगा सायकल विकायच्या गोष्टी करतो. "बाबा, ह्या वयात गुडघे जातील." हसत सांगत होता, पण चहा अर्धाच प्याला.
मला बरं वाटलं, पुढे आहे म्हणून. मग बरं वाटल्याचं वाईट वाटलं.

२५ ऑगस्ट, सोम.
परवा गणपती. लालबागला आता दहा-बारा दिवस सायकल काढणं अशक्य. म्हणून सा.ने सायकल आमच्या गॅलरीत आणून ठेवली. इथवर बसने येणार, इथूनच फिरायला निघणार. प्रतिस्पर्ध्याच्या घरी घोडा बांधला म्हणाला.
तो गेल्यावर सायकल पुसून काढली. मीटरचा सेल संपत आलेला, बदलला. सेल बदलला की मीटर आधी चाकाचा घेर विचारतो, मिलिमीटरमध्ये. हात सवयीने २०५० वर गेला. आणि तिथेच राहिला.
२०५० माझ्या सव्वीस इंची चाकाचा घेर. पाडव्याला सा.च्या मीटरमध्ये मी तोच घातला होता.
टेप घेऊन त्याचं चाक जमिनीवर एक फेरा फिरवलं. २२१ सें.मी. प्रत्येक फेऱ्याला सोळा सें.मी. मीटरने खाल्ले. पाच महिने. हिशोब तीनदा केला. चारशेच्या वर कि.मी. तो फिरला, पण वहीत नाहीत. म्हणजे आज तो माझ्या पुढे आहे.
चाळीस वर्षं ड्राफ्ट्समन होतो. मिलिमीटर मोजण्याचा पगार घेतला.
२२१० घातले. मागचा एकूण आकडा होता तसाच परत भरला. रविवारी सांगतो.

७ सप्टें., रवि.
काल विसर्जन. सा.चे डोळे जागरणाने लाल, आवाज बसलेला. अशा माणसाला काय सांगायचं. सायकल घेऊन गेला. पुढच्या रविवारी.

२८ सप्टें., रवि.
सा. दुकानात शिरला तोच ओरडत. "करमरकरांनू, माझे पाय सुटले! अडीच तासात अडतीस! पयले पस्तीसच्या वर होयत नव्हते." बायको रोज कुळथाची पिठी देते, ते श्रेय तिला. करमरकरांनी चहा मागवला. मी बिस्किट बुडवत राहिलो, बिस्किट तुटून कपात पडलं.
मागे चार रविवार गेले तेव्हा फक्त चूक सांगायची होती. आता त्याचे पायही काढून घ्यावे लागतील, कारण वाढलेले तीन कि.मी. त्या २२१० चे आहेत.

१६ नोव्हें., रवि.
सा.चा मुलगा आता स्वतः सायकलमध्ये हवा भरून देतो. विकायचं नाव नाही. परळच्या नातेवाइकांत सांगत फिरतो म्हणे, आमचे बाबा साठीनंतर वेगाने चालवायला लागले.
मी सांगत नाही ते त्याच्या आनंदासाठी, असं आज पहाटे वरळीला मनाशी म्हटलं. महालक्ष्मीपर्यंत पटलं. पुढे नाही.

२५ जाने., रवि.
नलिनीला सांगितलं. ती मटार सोलत होती. "तरीच. सावंतांचं नाव निघालं की तुम्ही विषय टाळायला पुन्हा वरण वाढून घेता." सोललेले दाणे पातेल्यात ओतले. मग: "मला सांगून काय उपयोग? चाक त्यांचं आहे."

१५ मार्च, रवि.
मी १३,०८४. सा. १२,९१६. दोघांनी नानांना मागे टाकलं, तेही बारा महिन्यांत. करमरकरांनी पेढे आणले. फळ्यावर पेन्सिलीने माझ्या नावाच्या रेघा आखून ठेवल्यात, पाडव्याला रंग. अक्षरांची उंची मलाच विचारली.
सा.ने पाठीवर थाप मारली. "तुमचाच हक्क. मी पाय उशिरा सोडलंय." हे मनापासून म्हणाला. लाज वाटली. सरळ लाज.

१८ मार्च, बुध.
आज दुपारी सा.ला दुकानात बोलावलं, सायकलीसकट. रजा टाकून आला. वाटलं असणार, उद्याच्या समारंभाचं काही.
 खडूने फरशीवर रेघ मारली. माझं चाक त्यावर ठेवलं, एक फेरा, दुसरी रेघ. २०५. मग त्याचं. २२१. "पाडव्याला तुमच्यात मी माझा आकडा घातला. गणपतीत सेल बदलताना कळलं. तेव्हा दुरुस्त केला, आणि तुम्हाला सांगितलं नाही. त्याआधीचे चारशे कि.मी. वहीत नाहीत. खरं तर तुम्ही पुढे आहात."
करमरकर म्हणाले, "सात महिने, आगासकर?" 
सा. रेघांकडे बघत राहिला. मला वाटलं शिव्या देईल. दिल्या असत्या तर सोपं झालं असतं. तो म्हणाला, "म्हंजे... माझे पाय सुटलेच नव्हते?"
"पहिल्यापासून सुटलेलेच होते, सावंत. मीच कमी मोजले."
ऐकलं की नाही, कळलं नाही. करमरकरांनी सांगितलं, वहीत खाडाखोड करायची तर दोघांच्याही सह्या लागतील, उद्या दहाला या. मी तिथेच सही केली. सा.ने पेन घेतलं नाही. सायकल हातात धरून परळच्या दिशेने चालत गेला. बसला नाही.
आता साडेसहा. त्याच्या अडीच तासांची वेळ. निघाला असेल का?
नलिनी विचारते, उद्या श्रीखंड किती आणू. म्हटलं, चार जणांचं आण, सावंत आणि वहिनींना फोन करतो. दोनदा केला. उचलला नाही. आता वहिनींच्या नंबरवर करून बघतो.