मासवडीचा तुलनात्मक अभ्यास

२ मार्च, रविवार
रोजनिशीची माफी मागून सुरुवात करतो. दिवाळीपासून एक ओळ लिहिलेली नाही. कारणं: कंपनीतलं ऑडिट, सर्दी, पेन. (पेन वगळावं. तपासलं, चालू आहे. आळस.)
आता रोज लिहिणार. दौंडला खाद्यलेखनाची कार्यशाळा आहे, तीन रविवार. नाव नोंदवलं. सगळी नोकरी कंपनीच्या क्वालिटी तपासणीत गेली, पार्टमधला केसाएवढा फरक मला दिसतो. तोच डोळा आता जिभेला लावायचा. आपल्या भागातल्या जेवणावर नीट कुणी लिहिलेलंच नाही. (मी वाचलेलं नाही, एवढंच खरं. पण बहुधा नसेलच.)
अंजनाला सांगितलं. ती म्हणाली, शिरूरहून दौंडला जाऊन जेवणावर लिहायला शिकायचं आणि घरी आल्यावर मीठ कुठंय म्हणून विचारायचं.
मीठ कुठं असतं ते मला माहीत आहे. साखरेच्या शेजारी.

९ मार्च
पहिला वर्ग. शिकवायला दीक्षा मॅडम. वयानं माझ्याहून बऱ्याच लहान, पण मी ते जाणवू दिलं नाही. फळ्यावर पहिलंच वाक्य लिहिलं: आधी जेवा, मग लिहा. उतरवून घेतलं. अगदीच प्राथमिक वाटलं, पण वर्गातल्या इतरांना उपयोग होईल.
गृहपाठ: आजचं रात्रीचं जेवण. लिहिलं: ‘मेथीची भाजी. पोत तंतुमय. ओलावा योग्य. लसूण असमान चिरलेला.’ अंजनाला आनंद होईल म्हणून वाचून दाखवलं. ती म्हणाली, उद्यापासून समान लसूण तुम्हीच चिरा.
उद्यापासून चिरणार.

१० मार्च
लसूण राहिला. फर्स्ट शिफ्ट.

१२ मार्च
अनपेक्षित. संध्याकाळी बाळासो आले. अंजनाचे थोरले बंधू, राहणार इनामगाव. त्यांच्या मुलाच्या, सुदर्शनच्या लग्नापासून त्यांच्याकडे जाणंयेणं बंद होतं. लग्नाच्या पत्रिकेत सगळ्या जावयांची नावं होती, माझं नव्हतं. मला काही वाटलं नाही. (पत्रिका अजून कपाटात आहे. अधूनमधून बघतो. नाव नाही.) वाटलं ते अंजनाला. तेव्हापासून ना भाऊबीज, ना फोन.
बाळासो चपला दारात काढून तिथंच उभे राहिले. म्हणाले, दाजी, छापणाऱ्याची चूक व्हती म्हणून मी सुटत न्हाई, मी वाचायला पायजे व्हती. येत्या बुधवारी यात्रा हाय. अंजीला घेऊन या. तुमी माझ्या ताटाला ताट लावून जेवल्याबिगर मी घास घ्यायचो न्हाई.
अंजना आतून पाणी घेऊन आली आणि तांब्या हातात धरून उभीच राहिली. मग म्हणाली, दादा, वाळलास किती. बाळासो म्हणाले, तू वाढली न्हाईस म्हणून.
दोघंही हसले. मीही हसलो. एकूण भेट समाधानकारक.

१६ मार्च
दुसरा वर्ग. मॅडमनी माझी मेथी सगळ्यांसमोर वाचली. विचारलं, यात ती भाजी करणारी बाई कुठंय? मी म्हणालो, तो पॅरामीटर मी घेतलेला नाही. वर्ग हसला. माझ्याबरोबर हसला असावा.
शेवटचा गृहपाठ: आपल्या भागातला एक पदार्थ.
येताना एसटीत सुचलं. इनामगावच्या यात्रेचा पहिला दिवस शाकाहारी असतो, म्हणजे घरोघरी मासवडी. बेसनाच्या पोळीत तीळ-खोबऱ्याचं सारण, ओल्या फडक्यावर वळून माशाचा आकार द्यायचा, वड्या पाडायच्या, वर झणझणीत रस्सा. एकच पदार्थ, एकच दिवस, पाच घरं. असा अभ्यास कुणी केला नसणार. (बहुधा.)

१८ मार्च
तयारी पूर्ण. कप्प्यांचा डबा घेतला, प्रत्येक कप्प्याला चिकटपट्टी. रकाने: जाडी, सारण, तिखटपणा, शेरा.
अंजनानं वहिनीसाठी साडी घेतली. दुकानात दोनदा बदलली. आज कामात गुणगुणत होती. मला एवढंच म्हणाली, रस्त्यात लोक हाताला धरून जेवायला ओढतील, मागनं येतो म्हणायचं. जेवायचं ते दादाकडंच. आणि सोपानरावांच्या दारात तर उभंसुद्धा राहायचं नाही.
सोपानराव बाळासोंच्या भावकीतले. बोअरवेलवरून दोन्ही घरांत पाणीसुद्धा चालत नाही.
कबूल केलं. मनाशी विचार केला: चाखणं म्हणजे जेवणं नव्हे. शब्द मोडत नाही.

२० मार्च
काल यात्रा झाली. घडलं ते क्रमानं लिहितो, कुणावरही दोष न ठेवता.
अंजनाला बाळासोंच्या दारात सोडलं. गाडी लावून येतो म्हणालो. (गाडी लावली होती. हे खोटं झालं का? आणखी नीट लावता आली असती.) तीन घरं व्यवस्थित झाली. एक वडी तोंडात, एक डब्यात. तिसऱ्या घरची म्हातारी म्हणाली, पाव्हणं, बसून खा की, डब्यात काय भरता, घरी मांजर हाय का? अभ्यास आहे, असं सांगितलं. तिनं आणखी दोन वड्या घातल्या.
चौथं घर सोपानरावांचं. त्यांना वगळलं असतं तर नमुना एकतर्फी झाला असता. मी दारातच थांबणार होतो. पण त्यांनी हात धरला, म्हणाले, बाळाचं दाजी माझ्या उंबऱ्यावरनं उपाशी गेलं तर गाव मला काय म्हणंल? ताट वाढून आलं. यात्रेचं ताट सोडता येत नाही. खाल्लं. दोनदा वाढलं. एक वडी डब्यात घातली. सारण उत्कृष्ट. (‘उत्कृष्ट’ मागे घेतो. चांगलं.)
बाळासोंकडे पोचलो तेव्हा सगळे थांबलेले. स्वयंपाकघरातून अंजना आणि वहिनींचं हसणं ऐकू येत होतं. बाळासोंनी दोन ताटं खेटून मांडली. स्वतः वाढायला बसले. वड्या घातल्या, भाकरी मोडून दिली, पळीत रस्सा घेतला.
पोटात जागा नव्हती. म्हणून म्हटलं, आधी तुलना उरकून घ्यावी. डबा उघडला आणि त्यांच्या वड्यांच्या कडेनं बाकीच्या चार मांडल्या. बाळासोंनी विचारलं, हे काय? मी प्रामाणिकपणे सांगत गेलो, कोणती कोणाकडची. चौथीवर त्यांची पळी हवेतच थांबली.
म्हणाले, आमच्या ताटात सोपानाची?
आवाज चढवला नाही. पळी पातेल्यात ठेवली. बैलगाड्या निघतील, बघून येतो, म्हणाले आणि गेले. आम्ही निघेपर्यंत परत आले नाहीत. स्वयंपाकघरातलं हसणं केव्हा थांबलं, ते माझ्या लक्षात आलं नाही.
येताना अंजनानं माझ्या खांद्याला धरलं नाही. मागचं कॅरियर धरून बसली.
शेरा: बाळासोंना तुलनात्मक पद्धत नवीन असावी.

२३ मार्च
शेवटचा वर्ग. लेख वाचला. तक्त्यासकट. चार घरांचं वर्णन बारकाईनं झालं, असं माझं मत. मॅडमनी विचारलं, पाचव्या घरची मासवडी कशी होती?
तक्ता पाहिला. पाचव्या घराची ओळ कोरी. ती मी चाखलीच नव्हती.
तसं सांगितलं. मॅडम म्हणाल्या, मग तुम्ही तिथं गेला होता कशाला?
वर्ग या वेळी हसला नाही. सर्टिफिकेट मिळालं, सहभागाचं. घरी आलो, अंजनाला दाखवलं. ती म्हणाली, फ्रिजवर ठेवा.

२६ मार्च
बाळासोंना फोन केला. स्पष्टीकरण मुद्देसूद तयार ठेवलं होतं. त्यांनी मुद्दे ऐकून घेतले. म्हणाले, तसं काय न्हाई दाजी, घर तुमचंच हाय, कवाबी या.
कवाबी म्हणजे कधीच नाही, हे मलाही कळतं.

३० मार्च, पाडवा
अंजनानं गोडाचं केलं. जेवताना पोत वगैरे काही बोललो नाही. छान झालंय, एवढंच म्हणालो. तिनं वर पाहिलं आणि विचारलं, शेरा?
संध्याकाळी लसूण सोलायला बसलो. ती शेजारी येऊन बसली. सालं एका बाजूला केली. मग म्हणाली, वहिनीचा फोन आला होता. दादा त्या दिवशी जेवला नाही. यात्रेचं सगळं गाव त्याच्या दारात जेवून गेलं, आणि तो तसाच झोपला.
मी म्हणालो, असं काही असतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं.
आत येऊन रोजनिशी चाळली. बारा मार्च. ‘मी घास घ्यायचो न्हाई’, माझ्याच अक्षरात आहे. खाली लिहिलंय, एकूण भेट समाधानकारक.
डबा धुतला. चिकटपट्ट्या निघत नव्हत्या, नखानं काढल्या. अंजनाला विचारलं, उद्या सुट्टी आहे, न कळवता गेलो तर तुझा दादा दार उघडेल का? म्हणाली, दाराचं माहीत नाही. वहिनी पीठ तर मळेल. मी पण येते.
मग भाजीत मीठ घालायला उठलो. साखरेच्या शेजारी हळद निघाली. मीठ अंजनानं दिलं.

उद्या: उपाशी पोटी इनामगावला जायचं.