तपकिरी बोर्ड

हरसूल, ९ जून २०२५

ती. सावळीराममामांस, आशाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर मला बोलवत नाही, म्हणून लिहिते. यांना जाऊन तीन महिने झाले. मी शाळेत शिकवते, भाकरी करते, झोपते. रडू म्हणून येत नाही. लोक माझ्या तोंडाकडे बघतात, बघू देत.

सासूबाईंना ऐकू येत नाही, म्हणून हे त्यांच्यासाठी बेल करत होते. बाहेर बटण दाबलं की घरात दिवा लागणार. अपघाताच्या आदल्या दिवशी यांनी तांब्याचा पातळ थर असलेल्या तपकिरी बोर्डावर मार्करने सर्किट काढून ठेवलं. ते काम मला पुरं करायचं आहे. डब्यात एक हिरवट बोर्डही आहे. कुठला घेऊ?

मामींना नमस्कार. माया असू द्यावी.

आशा

सातपूर, १४ जून

चि. आशास अनेक आशीर्वाद.

सवयीने सौ. लिहायला गेलो आणि हात थांबला.

बाई गं, हिरवट घे. तो काचेच्या धाग्यांचा असतो, तुमच्या पावसाला दाद देत नाही. तपकिरी म्हणजे दाबलेला कागद. ओल पितो आणि सोल्डर करताना तांबं सुटून येतं. हिरवटावर सर्किट नव्याने काढ. आधी घासणीने चकचकीत घास, मग तांब्याला बोट म्हणून लावू नको. फेरिकचं पाणी मार्करच्या रेघांखालचं सोडून बाकीचं तांबं खातं, पण बोटाचं तेल लागलं की तिथलं नीट खात नाही.

तुझा नवनाथ लग्नाआधी माझ्या वर्कशॉपात चार वर्षं होता. हात सोन्याचा, पण बोर्ड उचलायचा तो अंगठा टेकवूनच. लय शिव्या खाल्ल्या त्याने माझ्या. आता वाटतं, कशाला दिल्या.

तपकिरीवर आधी हात बसव, मग दे फेकून. वेळेवर जेवत जा.

तुझा मामा

हरसूल, २३ जून

ती. मामांस शि. सा. न. वि. वि.

हिरवट बोर्डावर बेल झाली. सासूबाईंनी मला पावसात उभं करून तीनदा बटण दाबायला लावलं. तिन्ही वेळा हसल्या.

तपकिरीवर आधी हात बसवला. घासला असता तर यांच्या रेघा पुसल्या असत्या, म्हणून तसाच फेरिकमध्ये सोडला. पाऊण तासाने चिमट्याने काढला. मोकळं तांबं सगळं गेलं होतं, रेघा तेवढ्या राहिल्या होत्या. आणि कडेला, जिथे यांनी काहीच काढलं नव्हतं, तिथे तांब्यात अंगठा उमटलेला. पुसट, पण वळणांसकट.

मी तो धुतला, ओट्यावर ठेवला, भाकऱ्या थापल्या. मग त्यावर माझा अंगठा ठेवून पाहिला. लहान पडला. मामा, तेव्हा मी रडले. खूप वेळ रडले.

तांबं काळं पडू नये म्हणून वरून काय लावतात, तेवढं कळवा. आणि शिव्या दिल्याचं मनाला लावून घेऊ नका. यांनी तुमचं ऐकलं असतं तर माझ्याकडे काय राहिलं असतं?

अशीच माया ठेवा.

आशा