पाणीग्रहणाची दुसरी वेलांटी

तीर्थस्वरूप ताईच्या चरणी धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (गुडघे असहकारात असल्यामुळे सध्या षडंगच आहे, उरलेली दोन अंगं मनाने जोडली आहेत असं धर.) तुझी साखर कशी आहे? पस्तीस वर्षं प्रयोगशाळेत बसून दुनियेचं रक्त तपासलंस आणि स्वतःचं बोट मात्र कोणाच्या हाती लागू देत नाहीस, ही तक्रार पत्रात आवर्जून लिहा असं तुझ्या भावजयीने बजावलं आहे. लिहिली. मी सुटलो.

इथे लेखक-निवासात येऊन तीन आठवडे झाले. खोलीत टेबल आहे, दिवा आहे, खिडकी आहे आणि न लिहिण्याला एकही सबब मिळू नये इतकी शांतता आहे. (शेजारच्या खोलीतले कवी त्यावर उतारा म्हणून दिवसातून चार वेळा चहा करतात, चारही वेळा मी त्यांना एकटं पडू देत नाही.) पुस्तक झाल्यातच जमा आहे. सोमवारी ते छापखान्यात जायचं आहे, आणि नेमकं तुझ्यावरचं प्रकरण अडून बसलं आहे. ते का अडलं ते वाचून तुला हसू येईल. हस, पण शेवटपर्यंत वाच.

या निवासाला जोडून एक वाचक मंडळ आहे. दर बुधवारी चार वाजता खालच्या दालनात गावातली दहा-बारा माणसं जमतात आणि मुक्कामाला असलेल्या लेखकाचं एक प्रकरण वाचून त्यावर बोलतात. मला वाटलं होतं, निवृत्त प्राध्यापक असतील, एकमेकांच्या प्रस्तावना वाचलेले. तर सगळ्यांत पुढे बसले होते प्लंबर. तीन वर्षांपूर्वी ते इथला नळ दुरुस्त करायला आले, चर्चा कानावर पडली, एक मुद्दा पटला नाही म्हणून पाना हातात घेऊनच वाद घालायला बसले, ते आजतागायत उठलेले नाहीत. (नळ अजून गळतो. त्याबद्दल बोलायची कोणाची छाती नाही, कारण त्यांचं वाचन दांडगं आहे.) त्यांच्या शेजारी लाँड्रीवाल्या बाई. त्या माझ्या प्रकरणाच्या प्रतीवर पेन्सिलीने इतक्या खुणा करून आल्या होत्या, की मला माझ्याच विद्यार्थ्यांची कीव आली. मंडळाचा नियम एकच: लेखकाने पहिला तास तोंड उघडायचं नाही. व्यवस्थापिकाबाई कोपऱ्यात घड्याळ घेऊन बसतात आणि लेखकाने नुसता घसा खाकरला तरी चष्म्यावरून बघतात.

प्रकरणाचं नाव 'त्यागमूर्ती'. (तोंड वाकडं करू नकोस.) त्यातलं कळसाचं वाक्य असं: 'त्या दिवशी ताईने पाणीग्रहणास नकार दिला आणि माझे शिक्षण अखंड राहिले.' आता नीट बघ. पाणि म्हणजे हात, ऱ्हस्व. पाणिग्रहण म्हणजे विवाह. सव्वीस वर्षं मी हे वर्गात कंठशोष करून सांगतो आहे. आणि माझ्याच हातून, ऐन लग्नाच्या शब्दात, पहिली टाकून दुसरी घेतली गेली. वेलांटी म्हणतोय मी.

झालं. मंडळाने गृहीत धरलं, की तू सांगून आलेल्या मुलाच्या घरी गेलीस आणि तिथे पाणी घेतलं नाहीस. तासभर चर्चा त्या पाण्यावर. प्लंबरांनी पाणी विहिरीचं की टाकीचं इथपासून सुरुवात केली आणि घराचं खरं रूप पहिल्या घोटात कळतं, असा सिद्धान्त मांडला, जो मला भाष्यकारांतही आढळलेला नाही. कोणी म्हणालं, तिला तहान नसेल. त्यावर लाँड्रीवाल्या बाई शांतपणे म्हणाल्या, की परक्या घरी बाई तहान नसली तरी दोन घोट घेते. भांडं तसंच खाली ठेवते तेव्हा तिचं ठरलेलं असतं. तिला तो मुलगा नको होता. भावाचं शिक्षण मागाहून डकवलेलं दिसतंय.

मी खुर्चीत तडफडत होतो. तास संपताच उठलो आणि फळ्यावर पाणि लिहून ऱ्हस्व-दीर्घाचं यथासांग निरूपण केलं. सगळ्यांनी आदराने ऐकून घेतलं. मग लाँड्रीवाल्या बाईंनी विचारलं, "म्हणजे पाणी नाही, हात नाकारला?"

"हो."

"मग मी वेगळं काय म्हटलं, सर? आणि एक सांगू? अकरा पानं आहेत, त्यांत तुमची ताई एकदाही बोलत नाही. परीटघडीची आहे नुसती. घातलेली, मळलेली कुठे दिसतच नाही. का नाही म्हणाल्या, हे तुम्ही विचारलंत त्यांना?"

ताई, मी सांगितलं, की हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. कोणी सांगितलं, असं प्लंबरांनी विचारलं. मी म्हटलं, आत्याने. तेव्हा दालनात नळ गळताना स्पष्ट ऐकू आला. तिथल्या प्रत्येकाला अशी एक आत्या असणार.

खोलीवर येऊन अकरा पानं पुन्हा चाळली. बाईंचं खरं आहे. तू त्यांत डोळे पुसतेस, दिवा लावतेस, दूर कुठेतरी बघतेस (तू आणि दूर बघणार? तुला चष्म्याशिवाय दार दिसत नाही), पण बोलत नाहीस. ज्या बाईने आयुष्यात एक वाद अर्धवट सोडला नाही तिला मी मुकी करून ठेवलं. अशी वाचणारी माणसं मला आधी भेटली असती तर मी कमी लिहिलं असतं आणि बरं लिहिलं असतं. पुढच्या बुधवारी मी लेखक म्हणून नाही, वाचक म्हणून जाणार आहे. प्लंबरांनी शेजारची खुर्ची राखून ठेवायचं कबूल केलं आहे.

प्रकृतीस जप. बोट दे.

तुझा,
धाकटा

ता. क. माझा तपकिरी स्वेटर तुझ्याकडे राहिला आहे, तो पाठव. पत्र मुख्यतः त्यासाठीच लिहिलं.

ता. क. दुसरा. स्वेटरची घाई नाही. सोबत अकरा पानं जोडली आहेत, समास मोठा सोडला आहे. तू त्या लग्नाला 'नाही' का म्हणालीस ते समासात लिही. बत्तीस वर्षांत मी तुला हे विचारलं नाही, कारण उत्तर मला सोयीचं होतं. सोमवारच्या आत पान आलं तर तुझं वाक्य छापीन. नाही आलं तर प्रकरण वगळीन, पण आत्याचं छापणार नाही.

ता. क. तिसरा. तुझ्या नकाराचं कारण मी नसेन तर मला फार हलकं वाटेल. थोडं वाईटही वाटेल. कोणीतरी आपल्यापायी आयुष्य ओवाळून टाकलं, या समजुतीवर मी आजवर बऱ्याच ऐटीत जगलो आहे.