डबीवरचं नाव

शनिवार, १ तारीख
आलो एकदाचा! नोकरी लागली, वर राहायला खोली फुकट. आंधळा मागतो एक डोळा, तशातली गत. प्रयोगशाळेच्या मागच्या इमारतीत, माझ्या खोलीच्या खालीच, बारा माकडं आहेत, त्यांची निगा राखायची. पिंजरे धुवायचे, खाणं घालायचं, आणि प्रत्येकाची विष्ठा कशी आहे ते तक्त्यावर लिहायचं: घट्ट, सैल, पातळ, रक्ताची. ताईला फोनवर हे सांगितलं तर ती हसून हसून दमली. आईनं याच्यासाठी शिकवलं का, म्हणाली. तिच्या हसण्याचा आवाज बंद झाल्यावर खोली फार मोठी वाटली.

माणसं दोनच. डॉक्टरबाई, मोजकं बोलणाऱ्या. आणि काका, इथे वीस वर्षं काढलेले जुने कामगार. त्यांना ऐकू कमी येतं, त्यामुळे गप्पा म्हणजे मी ओरडायचं आणि त्यांनी मान डोलवायची.

सोमवार, ३ तारीख
इथला नियम ऐका. दर सोमवारी कामगारानंही आपली विष्ठा डबीत द्यायची, वर नाव लिहून. पोटाचे जंतू माणसाकडून माकडाला होतात आणि माकडाकडून माणसाला, म्हणून. नवीन पाण्यानं माझं पोट तीन दिवस रुसलेलं, काही बाहेरच पडेना. काकांनी बजावलं, दहाच्या आत डबी नाही दिली तर आठवडाभर आत पाऊल ठेवता येणार नाही, आणि नव्या माणसाला ते शोभत नाही.

काय करणार? सात नंबरच्या पिंजऱ्यातला ट्रे मी नुकताच काढला होता. चमचाभर डबीत घातलं, वर माझं नाव. शेवटी पूर्वज एकच, असं म्हणून स्वतःशीच हसलो.

बुधवार, ५ तारीख
सात नंबरला म्हातारी माकडीण आहे. मी तिला आक्का म्हणतो. आज पाणी भरताना तिनं गजांतून हात घातला आणि माझ्या दंडावरचे केस एकेक करून चाळू लागली. उवा नव्हत्या, तरी मन लावून शोधत होती. मी तसाच उभा राहिलो, बादली भरून वाहिली तरी.

आई गेल्यापासून मला कोणी हात लावला नव्हता. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं आहे.

शुक्रवार, ७ तारीख
बाईंनी बोलावून घेतलं. माझ्या डबीत आतड्याचा जंतू सापडला. मला त्रास नसला तरी मी तो अंगात वागवतोय, असं त्या म्हणाल्या. दहा गोळ्या दिल्या, सकाळ-संध्याकाळ एक. तोवर माकडांच्या खोलीत पाय ठेवायचा नाही.

म्हणजे जंतू आक्काच्या पोटात आहे.

मी काकांना आडून आडून विचारलं, माकडाच्या पोटात सापडला असता तर? काका म्हणाले, औषध दिलेलं माकड प्रयोगाला चालत नाही. सुई देऊन झोपवतात, कायमचं. मी बाईंना काही सांगितलं नाही. नोकरीची भीती होतीच, पण ती दुसरी.

रविवार, ९ तारीख
कालपासून दुपारी बाई जेवायला गेल्या आणि काका डुलकी काढू लागले की मी आत जातो. केळ्यात एक गोळी, संध्याकाळी बाई घरी गेल्या की परत एक. आक्का शहाण्यासारखी खाते, मग माझा दंड चाळते. दहा गोळ्यांत ती बरी होईल आणि कोणाला कळणारही नाही, असा माझा हिशोब.

आठ नंबर आज जेवला नाही. गुडघ्यांत डोकं घालून बसलाय. त्याच्या ट्रेमध्ये रक्त होतं.

मंगळवार, ११ तारीख
आठ गेला. नऊलाही तेच, आणि सहालाही. आक्काच्या आजूबाजूचेच सगळे. धुतलेलं पाणी एकाच पन्हळीतून वाहतं, हे आज माझ्या लक्षात आलं.

बाई ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या की हे मीच आत आणलं, आणि उगम सापडलाय म्हटल्यावर बाकीच्यांना तपासायची गरज नाही. काका माझ्याकडे बघत नाहीत. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

सकाळपासून माझ्या पोटात मुरडा येतोय.

बुधवार, १२ तारीख
रक्त. माझंच.

आक्काला सहा गोळ्या दिल्या होत्या. उरलेल्या चार मी घेतल्या. गोळ्या दहा, पोटं दोन. ना तिचं औषध पुरं, ना माझं.

बाईंना फक्त माझ्या पोटाचं सांगितलं.

शुक्रवार, १४ तारीख
मला खोलीत ठेवलंय. दाराला बाहेरून कडी. काका तोंड बांधून येतात, ताट सरकवून जातात. नव्या गोळ्या आणून दिल्या, पोटात ठरत नाहीत.

खालून आवाज यायचे ते कमी झाले. मोजतो. काल सात. आज चार असावेत.

ताईचा फोन. मजेत आहे म्हणालो.

रविवार, १६ तारीख
खाली एकच आवाज. तिचा.

अकरा जीव. आणि मला आनंद झाला, ती आहे म्हणून. माणूस आहे की कोण मी—

सोमवार, १७ तारीख
सकाळी काकांनी दाराआडून सांगितलं. इतक्या आजारातही आक्काला काही झालं नाही, म्हणजे ती ठणठणीत, असं बाई म्हणतात. तिला पलीकडच्या इमारतीत हलवणार. अकरा वाजता. तिकडे पिल्लं आहेत. अडतीस. अंगावर पिणारी.

ओरडलो. काकांना ऐकूच— गेले.

तिला काही होत नाही, हीच तर भीती. तिला होत नाही, दुसऱ्यांना होतं.

साडेदहा. बाईंना फोन लावला, कापला. सांगितलं तर सुई. नाही सांगितलं तर अडतीस. परत लावला, कापला.

जिन्याखाली चाकं वाजतायत. पिंजरा ढकलत आणतायत. ती साद घालतेय, माझा वास लागला असणार— मलाच हाका मारतेय, दुसऱ्या कोणाला नाही—

तिसऱ्यांदा लावला. उचलला. बाई विचारतायत, काय झालं. मी म्हटलं, बाई, आक्काला नेऊ नका. का, विचारतायत. दोनदा विचारलं. खाली ती अजून— मी सांगतो, बाई, सांगतो, त्या डबीवर नाव माझं होतं, आतलं तिचं—