शेपट्याला घरी आण

प्रिय चिमणे,

तुझं पत्र परवा मिळालं. कारखान्याच्या दारात उभ्यानेच वाचलं, मग दुपारी फळ्यांच्या थप्पीवर बसून पुन्हा वाचलं. शेपट्या शिंप्याकडे धड खात नाही, दिवसभर तुमच्या गल्लीकडे तोंड करून बसतो, हे तू एका ओळीत उरकलंस. पुढे लिहिलंस, "तू मनाला लावून घेऊ नकोस दादा, तुझ्या तब्येतीपुढे कुत्र्याचं काय." त्या ओळीपाशी मी अडकलो तो अजून तिथेच आहे.

गेल्या वर्षी तुमच्या स्वयंपाकघराचं दार बसवायला मी आलो होतो. दोन दिवस मागच्या पडवीत रंधा मारत होतो आणि शेपट्या, ती अर्धीच उरलेली शेपटी हलवत, भुशात लोळून माझ्या पायावर डोकं ठेवून झोपत होता. दुसऱ्या संध्याकाळी जेवायला बसलो आणि अंगभर पित्त उठलं, ओठ सुजले, डोळे मिटले. दाजी म्हणाले, "आमच्या घरचं पाणी मेहुण्यांना चांगलंच मानवलं, एका दिवसात गाल भरले." हसणं थांबलं तेव्हा सगळ्यांची नजर शेपट्यावर गेली. मी अजून तुमच्याकडेच असताना तू त्याला शिंप्याकडे पोचवलंस, सगळ्या चादरी उकळून धुतल्यास. तुझी लेक तेवढी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. खाज मामाला सुटते तर मामाने जावं, शेपट्याने का, असं तिचं म्हणणं. पोरीचा न्याय बरोबर होता.

पित्त इकडे आल्यावरही उठतच राहिलं, म्हणून मी कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी माझ्या हातावर पेनने खुणा केल्या आणि एकेका खुणेपाशी एकेक थेंब टाकून सुईने टोचलं. लाकडाचा भुसा, घरातली धूळ, मांजर, कुत्रा. भुशाची आणि धुळीची जागा फुगली. कुत्र्याच्या खुणेपाशी कातडी होती तशीच राहिली. रक्तात ॲलर्जीचं जे मोजतात, ते मात्र असायला हवं त्याच्या कितीतरी पट निघालं. मग बाईंनी माझं उतरलेलं वजन पाहिलं, तोंडातले न भरणारे फोड पाहिले, आणि मला विचारून आणखी एक तपासणी केली. चिमणे, मला एचआयव्ही आहे.

बाईंनी समजावून सांगितलं ते मला कळलं तसं लिहितो. या आजारात शरीराचा राखणदार बावचळतो. खऱ्या चोरापुढे त्याचा जोर चालत नाही, आणि भुशाच्या कणावर तो तुटून पडतो. ॲलर्जीचा तो आकडा अशा पुष्कळ रुग्णांत वाढलेला दिसतो; का, ते अजून पुरतं उमगलेलं नाही, असंही त्या प्रामाणिकपणे म्हणाल्या. मला शेपट्या आठवला. जन्मात पाहुण्यावर भुंकला नाही तो.

कुठून आलं, हे तू विचारणार नाहीस, पण मनात येईलच. तुझी वहिनी गेल्यानंतर परगावी कामाला होतो, ती तीन वर्षं. एकटा होतो. आणखी लिहीत नाही. दोष कोणाला देत नाही. रोज सकाळी हात जोडून बसतो तेव्हाही हे दूर कर असं मागत नाही; खोटं बोलायची वेळ आणू नकोस, एवढंच मागतो. तेही माझ्याच्याने निभलं नाही.

रोज एक गोळी घेतो. नऊ महिन्यांत एकही चुकली नाही. परवाच्या तपासणीत विषाणू सापडला नाही. तो आत दडून असतो, जात नाही, पण गोळी चालू राहिली तर आयुष्य सरळ चालतं. एका ताटात जेवल्याने, लेकराला मांडीवर घेतल्याने हे कोणाला होत नाही, गोळी नसती तरी झालं नसतं. वजन भरलं आहे. पित्त कमी झालं, गेलं नाही. मालकांनी मला रंध्यावरून काढून मोजमाप आणि आखणीवर बसवलं आहे. नाकाला फडकं बांधतो, त्यावरून सगळे मला दरोडेखोर म्हणतात.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. शेपट्याचा दोष नाही हे मला नऊ महिन्यांपासून ठाऊक आहे. पण तो निर्दोष, भुशानेच झालं म्हणायचं, तर जन्म भुशात गेला आणि आत्ताच कसं झालं, हे तू विचारलं असतंस. म्हणून तू दर पत्रात ये म्हणालीस आणि मी दर पत्रात अजून खाज आहे म्हणालो. माझं तोंड लपावं म्हणून एका मुक्या जिवाला घराबाहेर बसवलं. शाळेत गुरुजी चूक खोडरबराने पुसू देत नसत. तिच्यावर एक रेघ मारून शेजारी खरं लिही म्हणत. हे पत्र तसं समज. दाजींना सांगायचं की नाही, ते तूच ठरव. तुझ्या लेकीला मात्र सांग की मामा चुकला होता. मी यावं की नाही, याचा निर्णय सावकाश घे, तो कसाही असला तरी मी रागावणार नाही. पण हे पत्र संपलं की आधी चप्पल घाल, शिंप्याकडे जा आणि शेपट्याला घरी आण. तो म्हातारा झाला आहे, त्याला थांबायला वेळ नाही.

तुझाच,
दादा