माळवदावरून ऐकलेली मालिका

पल्लवे,

दर गुरुवारी तुमच्या टीव्हीवर लागायची ती हसवणारी मालिका आता केबलवर पुन्हा चालू झाली. त्या काळी मी ती आख्खी ऐकली, पाहिली मात्र न्हाई. तुमच्या माळवदावर अँटिना धरून उभा राहायचो ना! तू खालून ओरडायचीस, "रत्नपाल, बराबर दिसून राहिलं, हलू नको!" कॉलेज अर्ध्यात सोडलं म्हणून बाप शिव्या द्यायचा, पण तुझं हसू ऐकलं की सगळं विसरायचो.

काल मालिकेतले आजोबा रुसून घर सोडतात तो भाग लागला. त्या काळी त्यांचं "निघालो मी" मला माळवदावर ऐकू आलं होतं, अन् लगेच तू खदखदून हसलीस. मला वाटलं, चित्रात काही गंमत असंल. काल पाहिलं, तर म्हातारा पिशवी भरताना रडतो. एवढंच.

मग काहून हसलीस? तुझ्या शेजारी तुझ्या आत्याचा पोरगा सुगत बसला होता. त्यानंच हसवलं ना? डोकं फिरून राहिलं माझं!

उद्या माझी माय माझ्यासाठी तुला मागणी घालायला येणार. हे पत्र आधी पाठवलं तर तू खरं सांगशील. म्हणून पाठवत न्हाई.

तरी तुझाच,
रत्नपाल