दट्ट्या किती उतरला

सोमवार, ३ नोव्हेंबर

पडताळणीचा पहिला दिवस. जुळलं नाही. समीकरण म्हणतं, होल्डच्या, म्हणजे तापवून दाबून धरण्याच्या, विसाव्या मिनिटाला घनता ब्याण्णव टक्के. प्रेस म्हणते, चौऱ्याऐंशी. आठ टक्के म्हणजे थोडाथोडका फरक नाही. मला तोंड लपवायला जागा नाही!

सकाळी घरमालकीण विचारत होत्या, ‘कंपनीत तुम्ही नक्की करता काय?’ सांगितलं – अॅल्युमिनाची भुकटी साच्यात भरतात, तापवतात आणि वरून दट्ट्यानं दाबतात. कण आधी सरकून नीट बसतात, मग एकमेकांवर चपटे होतात, शेवटी मधली भोकं बुजतात. कुठल्या मिनिटाला किती बुजतील, ते मी गणितानं आधीच सांगते. त्या म्हणाल्या, ‘एवढंच?’

एवढंच. सात वर्षं झाली. प्रबंध दोनदा परत आला. शेरा दोन्ही वेळा एकच – गणित नीट आहे, प्रत्यक्ष आकड्यांशी पडताळलेलं नाही. म्हणून तर पुणं सोडून इंदापुरात खोली घेतली आणि लोणी देवकरच्या या कारखान्यात आले. महिनाअखेरपर्यंत आकडे जुळल्याचं कारखान्याचं पत्र दिलं नाही, तर नोंदणीच रद्द.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

नाही जुळलं.

बुधवार, ५ नोव्हेंबर

तिसरा दिवस. डबा उघडलाच नाही.

समीकरणातून निघालेली माझी रेषा मोठ्या कागदावर छापून प्रेसशेजारच्या भिंतीला चिकटवली. दट्ट्या असा उतरायला हवा, ते डोळ्यांसमोर राहावं म्हणून. प्रेस चालवतात ते कुंडलिकराव. बावीस वर्षं याच यंत्रावर, निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. दर पाच मिनिटांनी डायल बघून दट्ट्या किती उतरला ते रजिस्टरात लिहितात, त्यावरूनच घनता निघते. अक्षर मोत्यासारखं.

त्यांनी विचारलं, ‘ही रेघ कशाची हाय, मॅडम?’

म्हटलं, ‘दट्ट्यानं या रेषेवरून चालायचं.’

‘आन् न्हाई चालला तर?’

‘तर माझी सात वर्षं पाण्यात.’

हसत म्हणाले होते मी. ते हसले नाहीत.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

जुळलं! पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकेक आकडा रेषेवर! तीनदा तपासलं. स्वच्छतागृहात जाऊन रडून आले.

मग लक्षात आलं, सांगायला कुणी नाही. अम्मीला फोन केला. गावी कोऱ्हाळ्याला दुपारी लाइट नव्हती, ती वैतागलेली. ‘बरं झालं,’ म्हणाली. ‘आता घरी कधी येतीस?’ काय बरं झालं, ते तिला कळलं नाही. मलाही समजावून सांगता आलं नाही.

शनिवार, ८ नोव्हेंबर

आजही जुळलं. दोनदा सलग म्हणजे योगायोग नव्हे. दुपारी कुंडलिकरावांनी आपल्या डब्यावर जेवायला बोलावलं. बायकोनं माझ्यासाठी जास्तीचं पिठलं दिलं होतं. ‘ती म्हणली, एकटी पोरगी हाय, खायला घाला.’ मी एकटी आहे हे त्यांच्या घरापर्यंत पोचलंय तर.

या कारखान्यात महिन्याभरात माझ्याशी कामाव्यतिरिक्त बोललेला हा पहिला माणूस. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं आहे.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

पाचव्यांदा जुळलं. दादासाहेबांनी, म्हणजे आमच्या प्लँटच्या मॅनेजरांनी, केबिनमध्ये बोलावलं. आलेख बघून खूश. ‘तुमच्या गणितानं अडतीस मिनिटांतच माल घट्ट होतोय, मग तासभर भट्टी कशाला तापवायची? एक तारखेपासून होल्ड अडतीस मिनिटं.’ पत्र टाइप करायला सांगितलंय.

बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. कित्येक महिन्यांनी बाहेर बघत आले.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

कारखान्याची गुरुवारची सुट्टी. दिवसभर खोलीत. प्रबंधाचं परिशिष्ट करायला बसले, म्हटलं सगळे आकडे एका कोष्टकात लावू.

तापमानाच्या रकान्यात १५५०.

आमची प्रेस १४५० वर चालते. ही फाइल मी दुसऱ्या पदार्थावरच्या जुन्या कामातून उचलली होती, तापमान बदलायचं राहून गेलं. शाळकरी चूक! म्हणजे भिंतीवरची रेषा शंभर अंशांनी चुकीची आहे. आणि गेल्या शुक्रवारपासून प्रेस त्या चुकीच्या रेषेवरून चालते आहे.

यंत्राला माझी चूक कशी कळली?

मग १४५० घालून नवी रेषा काढली आणि त्यावर पहिल्या तीन दिवसांचे आकडे ठेवले, ज्यांच्यापायी मी उपाशी राहिले होते ते. तिन्ही दिवस बरोबर बसले. केसाचाही फरक नाही.

समीकरण बरोबर आहे. खरं आहे. पहिल्या दिवसापासून खरं होतं. आणि ते म्हणतं, एक तासाच्या आत माल घट्ट होत नाही! सात वर्षांच्या संशोधनानंतर मी कारखान्याच्या जुन्या एका तासावर येऊन पोचले.

खूप आनंद व्हायला हवा. शुक्रवारनंतरचं ते मोत्यासारखं अक्षर डोळ्यांसमोरून हलत नाही.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

कुंडलिकरावांना बाजूला नेऊन विचारलं. त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत.

‘व्हय, मीच लिवले. भिंतीवरची रेघ बघून.’

‘का पण?’

‘आकडे बघून तुमचं तोंड एवढंसं व्हायचं. डबा तसाच परत न्यायचा. म्हणलं, मधले चार आकडे लिवले तर कुणाचं काय जातंय? शेवटाला माल तर चांगलाच निघतोय की.’

माल चांगला निघतो, कारण आज तरी होल्ड तासाभराचा आहे. अडतीस मिनिटांवर आणला की आपण बनवतो त्या अॅल्युमिनाच्या कड्यांत भोकं राहतील. त्या कड्या रसायनांच्या पंपात बसतात, गळणार म्हणजे गळणार. हे त्यांना सांगितलं. ते ‘हे मला ठावं न्हवतं, मॅडम,’ एवढंच परत परत म्हणत राहिले.

मला राग यायला हवा होता. अम्मी सोडली तर मी जेवले का नाही हे आजवर कुणी बघितलं नव्हतं. राग आलाच नाही, त्याचंच रडू आलं.

शनिवार, १५ नोव्हेंबर

दादासाहेबांना सांगितलं, होल्ड कमी करू नका, तापमान घालताना माझी चूक झाली. त्यांनी रजिस्टर पुढं ओढलं. ‘पण हे तर जुळतंय!’

किती टाळायचं? सांगावं लागलं, शुक्रवारपासूनचे आकडे खरे नाहीत.

ते शांतपणे म्हणाले, ‘अक्षर कुंडलिकचं आहे. रजिस्टरात खोटं लिहिलं की या कंपनीत एकच शिक्षा आहे, मग माणूस कितीही जुना असो. सोमवारी दहाला त्याला घेऊन या.’ मग माझ्याकडे बघून म्हणाले, ‘तुम्ही काळजी करू नका. नवा माणूस देतो, आठ दिवस खरे आकडे घ्या, पत्र तुम्हाला मिळेल.’

आठ दिवस. मला तेवढेच हवे आहेत.

रविवार, १६ नोव्हेंबर

कामावर गेले नाही. बारामतीपर्यंत गेले, कोऱ्हाळ्याची गाडी समोर लागली होती. चढले नाही, परत आले. अम्मीला काय सांगणार होते?

सोमवार, १७ नोव्हेंबर

कुंडलिकरावांना प्रेसवरच थांबायला सांगितलं आणि एकटीच केबिनमध्ये गेले. दादासाहेबांना म्हटलं, आकडे मी सांगितले, त्यांनी फक्त लिहून घेतले. मॅडमना नाही कसं म्हणणार ते?

दादासाहेबांनी माझ्यासमोरच विद्यापीठात माझ्या मार्गदर्शक सरांना फोन लावून सगळं सांगितलं. मग माझा गेटपास मागून घेतला.

होल्ड एक तासाचाच राहील. कुंडलिकराव प्रेसवर राहतील. समीकरण बरोबर आहे, हे आता फक्त मला माहीत आहे.